मंजुळाच्या हातचं कुंकू

साखरा,
ता. १२ डिसेंबर १९३८

ती. द्वारकाअक्का अन् दाजी, दोघांच्या पाया पडते.

तांड्यावरच्या धर्मसिंगाच्या गाडीत कुंकवाचं मडकं पाठवलं आहे. तोंड फडक्यानं बांधून वरून लिंपलं आहे. फोडताना जपून फोडा. मागल्या साली दाजींनी फोडलं तेव्हा अर्धी ओसरी लाल झाली होती अन् दाजी होळी खेळून आल्यासारखे दिसत होते, असं तुमीच सांगितलं होतं.

अक्का, यंदा हात लई दुखून राहिलेत. संक्रांत जवळ आली की तुमच्या हिंगोलीच्या बायांचं हळदीकुंकू अन् माझं मरण. त्यांना वाटतं, बाई घरी बसल्या बसल्या कुंकू करते. हळकुंडं फोडायची, लिंबाच्या रसात टाकणखार अन् तुरटी घालून त्यात मुरवायची, लाल रंग चढला की सावलीत वाळवायची, कुटायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. ऊन लागलं की रंग मरतो, हवा लागली न्हाई की बुरशी येते. एवढं करून घरचं सैपाकपाणी अन् शेतातली भाकर कुणाला चुकली न्हाई. लेक आशा सहाची झाली, पण तिला अजून फक्त रस सांडायचं काम येतं.

माझे हात कोपरापर्यंत लाल असतात, ते आता बारा महिने निघत न्हाईत. तुमचे भाऊ म्हणतात, तुला गोरेगावच्या बाजारात घेऊन जायची चोरी, लोकांना वाटतं खून करून आली. म्हणतात अन् स्वतःच हसतात. असा माणूस.

या मडक्यातलं मी नेहमीसारखं आधी माझ्या कपाळाला लावून बघितलं आहे. खाज न्हाई, डाग न्हाई. खुशाल द्या. रिकामं मडकं परत पाठवा.

तुमची,
मंजुळा

*

हिंगोली,
ता. ३ जानेवारी १९३९

चि. सौ. मंजुळास पोटभर आशीर्वाद.

मी सांगते अन् तुझे दाजी लिहून राहिलेत. मला अक्षर येत न्हाई याचा हे फायदा घेतात अन् मधेच आपलं काही घुसडतात, तेवढं ओळखून घे.

मडकं पोचलं. या खेपेला मीच फोडलं.

गिऱ्हाइकांचं काय सांगू, बाई! विकून विकून जीभ सोलून निघाली. आधी नमुना मागतात. नमुना म्हणजे स्वतः कपाळभर लावायचं, संगतीच्या सुनेला लावायचं, अन् मग म्हणायचं, 'उद्या सांगते.' भाव सांगितला की नाक मुरडतात. 'घरचंच न्हवं? घरी बसून केल्याची कसली मजुरी?' तीच बाई पुनमचंदच्या दुकानात जाते अन् लक्ष्मीचं चित्र असलेली डबी तोंडातून शब्द न काढता घेते. त्या डबीनं कपाळ सोलून निघालं की परत माझ्या दारात. 'अक्का, ते तुमचं घरचं हाय का थोडं?' अन् पुडी घेतली की वर चिमूटभर जास्तीचं पाहिजे, कारण घरचं!

रंगावरून तर रोज कटकट. मागच्या खेपेपेक्षा गडद काहून, जरा फिकं काहून. हळद काय साच्यातून काढतात? डबीतला रंग बदलला तर म्हणतात, नवा माल आला.

गंमत ऐक. खुद्द पुनमचंदची बायको शालूबाई तुझंच कुंकू लावते. दुकानात डब्यांची रास अन् शेठाणी माझ्या ओसरीवर. सगळ्याजणी पहिल्यांदा एकच विचारतात, करणारी कोण? सवाष्ण आहे ना? मी सांगते, माझ्या तातेरावाची बायको, नवरा धडधाकट, लेकरू सोन्यासारखं. मग पदराची गाठ सोडतात. कुंकवापेक्षा जास्त त्यांना तुझं कपाळ पाहिजे, असं मला कधी कधी वाटतं.

आणखी एक मडकं रथसप्तमीच्या आत पाठव.

द्वारका

(जिनात कापूस लई आला आहे, भुकटीनं खोकला सुटत न्हाई, म्हणून अक्षर हललं आहे. हिनं हे लिहायला सांगितलेलं न्हाई. संतराम.)

*

हिंगोली,
ता. १४ ऑगस्ट १९३९

गं. भा. मंजुळास आशीर्वाद.

दिवसकार्य उरकून साखऱ्याहून आले तेव्हापासून पत्र लिहवून घेईन घेईन म्हणते, पण तोंड उघडलं की रडू येतं अन् दाजींना लिहिता येत न्हाई. पाठचा भाऊ माझा. आषाढात पेरणीला गेला तो ताप घेऊन आला अन् ताप त्याला घेऊन गेला. आमी येईपर्यंत वाट भी बघितली न्हाई त्यानं.

आता पुढचं लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

शेजारच्या बाया भेटायला आल्या. पाठीवर हात फिरवला, डोळे पुसले अन् शालूबाईनं विचारलं, 'कुंकू करते तिचाच मालक का हो?' मंजुळा, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, 'व्हय, पण आता धाकटी करून राहिली. माझ्या ग्यानबाची बायको, शकू. ती सुखात आहे.' सगळ्यांनी सुस्कारा टाकला. माझा भाऊ मेला होता अन् त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

दाजी म्हणतात, तू खोटं बोललीस. बोलले. खरं बोलले असते तर तुझं कुंकू एका बाईनं घेतलं नसतं अन् तुला अन् आशीला दुसरा आधार काय? शकूचं नाव राहू दे. काम तू कर. तुला पटत नसेल तर लिही.

द्वारका

*

साखरा,
ता. २ सप्टेंबर १९३९

ती. द्वारकाअक्कांना मंजुळाचा नमस्कार.

अक्का, दाजींना सांगा, मला गं. भा. लिहू नका. रीत आहे, मला ठाऊक आहे. पण पाकीट ज्यानं आणून दिलं त्यानं ते नाव वाचलं अन् लांबूनच ओट्यावर टाकून गेला. नुसतं मंजुळा लिहा.

शकूच्या नावाला माझी ना न्हाई. मला आता कशालाच ना म्हणायचा जीव उरला न्हाई. ग्यानबा भावजी चांगले आहेत, म्हणतात, वैनी तुमच्या दोन भाकरी मला जड न्हाईत. पण त्या दोन भाकरी शकू भाजते, अन् भाजताना तिचं तोंड मी बघते. ती वाईट न्हाई. तिला भी वाटतं, आपल्या लेकरांच्या तोंडचं जातं. कुंकवाचे पैसे घरात आले की ती मला 'बाई, जेवून घ्या' म्हणते. न्हाई आले की नुसतं 'जेवा' म्हणते. एवढाच फरक आहे, पण दिवसातून दोनदा पडतो.

त्या दिवशी बायांनी माझं कपाळ पुसलं. हात भी पुसायला घेतले. शेजारची मंडळी राख लावून घासून राहिली होती, पण हाताचं कुंकू जाईना. शेवटी कंटाळून सोडून दिलं. सुतकातही माझे हात लालच होते.

परवा पहिल्यांदा परत उखळापाशी बसले. काम सगळं येतं, हात सगळं करतात. वस्त्रगाळ करून झाल्यावर सवयीनं बोट भरलं अन् कपाळापाशी नेलं. मग ध्यानात आलं. बोट पदराला पुसलं. आता आशाच्या कपाळाला लावून बघते. तिला खाज आली न्हाई तर मडकं भरते.

दसऱ्याच्या आधी पाठवते. टाकणखार संपला आहे, तेवढा धर्मसिंगासंगं पाठवा.

मंजुळा

*

हिंगोली,
ता. २० नोव्हेंबर १९३९

मंजुळास आशीर्वाद.

दसरा-दिवाळीची दोन्ही मडकी खपली. 'शकूच्या हातचं' म्हणून बाया हातोहात नेतात. परवा एकजण म्हणाली, आधीच्या बाईपेक्षा हिच्या हाताला गुण जास्त आहे, रंग कसा उजळ आलाय! मी आत जाऊन हसले अन् मग लई वेळ बाहेर आले न्हाई.

आता एक अडचण उभी राहिली आहे. शालूबाईच्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात चांदीचा करंडा भरून कुंकू द्यायचं आहे, अन् ते करणारीची ओटी भरूनच न्यायचं, असं शालूबाईच्या सासूनं सांगितलं आहे. शालूबाई खुद्द साखऱ्याला येणार. मी लई कारणं सांगितली. रस्ता वाईट, गाडी मिळत न्हाई, शकू माहेरी गेली. ती म्हणते, येईल तेव्हा येते. बाई हट्टाला पेटली आहे. तिला नको म्हटलं तर साऱ्या गावात बोभाटा होईल.

एक दिवसाचा प्रश्न आहे. शकूला चांगलं लुगडं नेसवून पाटावर बसव. तू आत राहा. माझ्यासाठी एवढं कर.

द्वारका

(मला हे बराबर वाटत न्हाई, असं मी हिला म्हटलं. हिनं लिहू नका म्हटलं. लिहिलं. संतराम.)

*

साखरा,
ता. ९ डिसेंबर १९३९

ती. द्वारकाअक्कांना मंजुळाचा नमस्कार.

तुमच्या कानावर आलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐका.

शालूबाई बैलांच्या दमणीतून आली, संगं एक मोलकरीण. शकूला मीच माझं हिरवं लुगडं काढून दिलं. मला आता ते कशाला पाहिजे? ओसरीवर पाट मांडला, रांगोळी मी भल्या पहाटे काढून ठेवली होती. मी माजघरात उतरंडीच्या मागं बसले. चोर बसतो तशी आपल्याच घरात.

शकू पाटावर अशी बसली की जन्मभर कुंकूच करत आली आहे. शालूबाईनं तिचे हात हातात घेतले अन् म्हणाली, 'काय हात आहे बाई तुमचा, लक्ष्मीचा!' मी आतून ऐकून राहिले होते. खोटं का बोलू, त्या घडीला शकूचे हात तोडून टाकावे वाटले. मग माझीच मला शरम वाटली.

ओटी भरायला सुरुवात झाली अन् शालूबाईला ठसका लागला. गोरेगावपासून धूळ खात आलेली बाई. डोळ्यांत पाणी आलं, श्वास घेता येईना. पाणी पाणी करून राहिली. शकू उठेना, कारण ओटी अर्धी भरलेली असताना पाटावरून कसं उठायचं? मोलकरीण गाडीपाशी गेलेली. आशा कुठं खेळायला उलथली होती. अक्का, दारात आलेली बाई ठसक्यानं कासावीस होत असताना मी तांब्याकडं बघत बसू का? मी डोक्यावरून पदर ओढला, तांब्या भरला अन् बाहेर गेले.

तोंड मी झाकलं होतं. हात कशानं झाकणार?

तिनं तांब्या घेतला, घोट घेतला, अन् माझ्या हातांकडं बघितलं. मग शकूच्या हातांकडं बघितलं. शकूचे हात पीठ मळून धुतल्यासारखे स्वच्छ. परत माझ्याकडं, माझ्या मनगटांकडं. बांगडी न्हाई. तिनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, 'तुम्ही करता?' मी म्हटलं, 'व्हय, मीच करते.' मला खोटं बोलताच आलं न्हाई, अन् खरं सांगू का, बोलायचंही नव्हतं.

ती उठली. नारळ अन् खण शकूच्या ओटीत तसाच राहिला, पण कुंकवाचा करंडा रिकामाच घेऊन गेली. जाताना माझ्यावर ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोटच्या लेकीला इख देता देता हात धरल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

शकू माझ्याशी बोलून न्हाई राहिली. आज 'जेवा' भी म्हणाली न्हाई.

मंजुळा

*

हिंगोली,
ता. ११ जानेवारी १९४०

मंजुळास आशीर्वाद.

एक महिना पत्र पाठवलं न्हाई, कारण पाठवण्याजोगं काही नव्हतं. शालूबाई आली त्याच आठवड्यात पुड्या परत यायला लागल्या. अर्ध्या संपलेल्या पुड्या भी! माझ्या ओसरीवर ठेवून, हात झटकून जायच्या. 'अक्का, तुमी आमच्या संसारावर उठलात.' एकजण म्हणाली, तरीच माझ्या नवऱ्याची बदली झाली. दुसरीची म्हैस आटली, ते भी तुझ्याच हातावर. मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

पण आता गंमत ऐक, अन् हसू आलं तर हास. चार दिवसांमागं त्याच म्हैसवालीची सून मागच्या दारानं आली. डबीतल्या कुंकवानं कपाळावर फोड आले होते. म्हणाली, 'अक्का, ते आधीचं असलं तर द्या. पण सासूला कळू देऊ नका.' दिलं. दिवेलागणीला तिची सासू मागच्या दारानं! 'सुनेला सांगू नका.' आज शालूबाईची मोलकरीण आली. बाईंनी मागितलंय, पण नाव काढायचं न्हाई. प्रत्येकीला वाटून राहिलंय की आपण एकटीच येतो. माझ्या परसात त्यांची एकमेकींशी गाठ पडू नये म्हणून मी एकीला गोठ्यात उभी करते अन् दुसरीला न्हाणीमागनं काढते. पुढच्या दारी तुझ्या नावानं बोटं मोडतात अन् मागच्या दारी पदर पसरतात.

तर काम बंद करू नको. संक्रांतीचं मडकं पाठव. नाव कुणाचंच सांगायचं न्हाई, बस्स. तुझी चूल पेटल्याशी मतलब.

द्वारका

(मंजुळाबाई, हिनं सांगितलेलं संपलं. आता मी लिहितो. हिच्या कपाळाला लई तकलीफ आहे. दसऱ्यापासून खाज, आता तर कातडं उलून पाणी सुटलं आहे. विचारलं तर म्हणते, ऊन लागलं. थंडीत कसलं ऊन? तुमच्याकडं काही झाडपाला असेल तर कळवा. माझा खोकला कमी न्हाई, उलट वाढला आहे, पण त्याची फिकीर करू नका. संतराम.)

*

साखरा,
ता. १९ जानेवारी १९४०

ती. द्वारकाअक्कांना मंजुळाचा नमस्कार.

दाजी, हे पत्र तुमी अक्कांना वाचून दाखवणार. एकही ओळ गाळू नका.

अक्का, तुमच्या कपाळाला झाडपाला नको. तुमी माझं कुंकू लावत न्हाई. डबीतलं लावून राहिला आहात.

माझ्या कुंकवानं आजवर एकही कपाळ उललं न्हाई. दसऱ्यापासून खाज आहे, असं दाजी लिहितात. तेच मडकं पहिल्यांदा माझ्या रांडपणात भरलेलं. तुमी ते फोडलं, पुड्या बांधल्या, बायांना गुण सांगितले, अन् स्वतः पुनमचंदच्या दुकानातनं डबी आणली.

शालूबाईचं मला एवढं लागलं न्हाई. ती परकी. तिनं मला बघितलं, भ्याली अन् गेली. तुमी मला नवरी होऊन आले तेव्हापासून बघता. तुमच्या भावाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तो जाईपर्यंत मी त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होते, याच हातांनी. त्या हातांना तुमी भ्यालात?

मला राग आला होता. तो आता ओसरला. आता नुसता थकवा आहे. दाजींचा खोकला मला ठाऊक आहे. माझा माणूस असा खोकत असता अन् कुणी मला रांडावलेल्या बाईच्या हातचं कुंकू दिलं असतं, तर मी भी भ्याले असते. हे खरं आहे अन् ते लिहिताना मला लाज वाटत न्हाई. भ्या कुणाच्या सांगण्यानं जात न्हाई.

पण मग विकू नका. आपल्या कपाळाला जे चालत न्हाई ते दुसरीच्या नवऱ्यावर ढकलायचं, असा धंदा मला नको. मागच्या दाराचा भी नको. त्या फोड आले म्हणून येतात, अन् तुमी माझी चूल पेटावी म्हणून विकता. माझं कुंकू चांगलं आहे म्हणून कुणीच काही करून न्हाई राहिलं.

मडकं पाठवलं न्हाई. शकूसंगं शेतात निंदायला जाते. तुमी माझ्यावर माया करता, त्यात मला शंका न्हाई.

मंजुळा

*

हिंगोली,
ता. १८ फेब्रुवारी १९४०

मंजुळाबाईंस,

पहिल्या ओळी माझ्या, संतरामच्या. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. अर्ध्यात आलो तेव्हा मला कळलं की ही माझ्यापायी कपाळ सोलून घेऊन राहिली होती. मी हिला म्हटलं, मी वीस वर्षं जिनातली भुकटी गिळतो, त्या खोकल्याचं खापर माझ्या मेव्हण्याच्या बायकोच्या हातावर काहून फोडतेस? हिनं ते पत्र परत वाचायला लावलं. आता सांगते आहे, लिहितो.

मंजुळा, तू लिहिलंस ते सगळं बराबर आहे. मी तातेरावाची बहीण आहे, पण यांची बायको भी आहे. यांनी खोकायला सुरुवात केली की मला दुसरं काही सुचत न्हाई. मी यांना म्हटलं, उद्या काही झालं तर? हे म्हणाले, 'झालं तर माझ्या छातीनं होईल. ते डबीचं धुऊन टाक, मला तुझ्या तोंडाकडं बघवत न्हाई.'

रथसप्तमीला माझ्याकडं हळदीकुंकू होतं. ओसरी भरली होती. शालूबाई भी आली, लग्नाचं बोलावणं करायचं होतं म्हणून. मी परत आलेल्या पुड्यांतलं तुझं कुंकू कोयरीत काढलं अन् सगळ्यांसमोर बसले. पहिलं बोट भुवईवर गेलं. दुसऱ्यांदा नीट लावलं. मग म्हटलं, 'हे माझ्या तातेरावाच्या बायकोनं केलंय. मंजुळानं. तो गेल्यावर केलंय. आजवर शकूचं नाव सांगितलं, ते खोटं होतं. ज्यांना लावून घ्यायचं न्हाई त्यांनी वाण घेऊन जावं, माझा राग न्हाई.'

मग शालूबाई उठली, वाण घेतलं अन् गेली. तिच्यामागं एकेक करत ओसरी रिकामी झाली. मागच्या दारानं येणाऱ्या सगळ्या, मंजुळा, एकूण एक, पुढच्या दारानं निघून गेल्या. माझ्या तोंडाकडं भी बघितलं न्हाई.

तिघी राहिल्या. स्टेशनातल्या सांधेवाल्याची बायको बेबीबाई म्हणाली, 'लावा की अक्का लवकर, घरी चुलीवर डाळ ठेवून आले.' मी लावलं. ती म्हणाली, 'छान आहे, उद्या पुडी बांधून ठेवा, मी येते.' अन् गेली. तिला त्यात काही मोठं केल्यासारखं वाटलंच न्हाई. मी मात्र कोयरी मांडीवर घेऊन रडले.

दुसऱ्या दिवशी शालूबाईची मोलकरीण परसात हजर, करंडा ठेवूनच गेली. नेहमीची पुडी अन् लग्नाचा करंडा भरून पाहिजे, लेकीला डबीचं सोसत न्हाई म्हणे, दाम सांगाल तो, पण नाव न्हाई. आणखी चारजणींचे निरोप आले तसेच. तो करंडा भरला तर तुझं अन् आशीचं वरीस निघेल. मी अजून कुणालाच काही दिलं न्हाई. तुझं तू ठरव. मी आता तुझ्या वतीनं बोलणार न्हाई, लई बोलले.

कपाळाची खपली धरली आहे. यांचा खोकला आहे तेवढाच आहे. माझं भ्या गेलेलं न्हाई, मंजुळा. यांना ढास लागली की माझा हात आपोआप कपाळाकडं जातो, पुसू का म्हणून. अजून पुसलं न्हाई.

द्वारका

*

साखरा,
ता. २६ फेब्रुवारी १९४०

ती. द्वारकाअक्का, दाजी, दोघांना मंजुळाचा नमस्कार.

पत्र उंबऱ्यात उभ्या उभ्या वाचलं अन् तिथंच खाली बसले. तुमचे भाऊ गेले तेव्हा चारचौघींत रडले ते रीतीचं रडणं होतं. आज मनापासून रडू आलं. शकूनं विचारलं काय झालं, तर तिला पत्र वाचून दाखवलं. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली अन् हळकुंडं फोडू लागली. आता तिचे भी हात लाल होतील, ते तिला सांगितलं. म्हणाली, होऊ द्या.

धर्मसिंगाच्या गाडीत मडकं येऊन राहिलंय. लहान आहे. बेबीबाईला द्या अन् त्या दुसऱ्या दोघींना द्या. पुढच्या दारानं येऊन जी मंजुळाचं कुंकू द्या म्हणेल तिला द्या, कुणीही असो, नमुना भी द्या, वर चिमूटभर जास्तीचं घाला. मागच्या दारी जी येईल तिला सांगा, संपलं. शालूबाईचा करंडा परत पाठवा. वरीस कसं निघेल ते मला ठाऊक न्हाई. निंदणी आहे, काढणी आहे, कंबर आहे तोवर काढू.

मडक्यात वरच एक पुरचुंडी बांधली आहे, ती तुमची. पहिल्या वस्त्रगाळातलं अगदी मऊ घेतलंय, खपलीला झोंबणार न्हाई. दाजींना भुकटीत तोंडाला फडकं बांधायला सांगा.

अक्का, रोज लावा. भ्या वाटलं तरी लावा.

मंजुळा